घर एक, जमिनी तीन! फरशीखालून घर गरम करायला निघालेले लोक नेमके कुठे फसतात?

जानेवारीची सकाळ. बाहेर २ अंश तापमान. पांघरुणातून बाहेर काढलेला पाय फरशीवर टेकला की थेट मेंदूपर्यंत कळ जाते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला हा अनुभव सांगावा लागत नाही.

म्हणूनच तिथे घराचं रिनोव्हेशन काढलं की एक स्वप्न हमखास यादीत येतं. भिंतीवरचे रेडिएटर काढायचे आणि फरशीच गरम करायची. या प्रकाराला म्हणतात अंडरफ्लोर हीटिंग. पायाखाली ऊब, भिंती मोकळ्या आणि सोफा हवा तिथे. रील्समध्ये हे सगळं ३० सेकंदांत होतं. नळ्या अंथरल्या, वर सिमेंट ओतलं, लाकडी फ्लोअरिंग बसवलं, संपलं.

प्रत्यक्षात मात्र अनेक घरांत हिवाळा आला की तक्रारी सुरू होतात. स्वयंपाकघर मस्त उबदार, पण पुढची बैठकीची खोली गारच. महागड्या लाकडी फळ्यांमध्ये फटी पडल्या. दोन खोल्यांच्या मधल्या उंबरठ्यावर टाइलला तडा गेला. आणि आता दुरुस्ती करायची तर अख्खी फरशी फोडावी लागणार.

बहुतेक वेळा यामागे कारण एकच असतं. घर एक असलं तरी त्यातल्या जमिनी वेगवेगळ्या असतात, आणि सगळ्यांना एकच पद्धत लावली जाते. तर ही भानगड नेमकी काय आहे, ते सविस्तर बघूया.

आधी हे समजून घ्या, फरशीखाली असतं काय?

फरशीखालून घर गरम करण्याची कल्पना नवीन नाही. रोमन लोक २,००० वर्षांपूर्वी फरशी छोट्या खांबांवर उचलून तिच्याखाली भट्टीची गरम हवा सोडायचे. इंग्लंडमधल्या बाथ शहरात रोमन स्नानगृहांचे हे खांब आजही बघायला मिळतात. कोरियात चुलीचा धूर जमिनीखालून फिरवायची ‘ओंडोल’ पद्धत होती. आपल्याकडे काश्मिरातल्या जुन्या घरांत आणि मशिदींत असलेला ‘हमाम’ही तसाच. दगडी फरशी आणि तिच्याखाली लाकडाची आग.

आजच्या काळात दोन प्रकार चालतात.

पहिला, पाण्याचा. साधारण १६ मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची नळी फरशीखाली नागमोडी अंथरतात आणि तिच्यातून बॉयलरचं किंवा हीट पंपाचं गरम पाणी फिरवतात. बसवायला महाग, पण चालवायला स्वस्त.

दुसरा, विजेचा. ३ ते ४ मिलिमीटर जाडीची, जाळीवर चिकटवलेली गरम होणारी केबल टाइलच्या खाली बसवतात. बसवायला सोपा, पण चालवायला महाग. कारण ब्रिटनमध्ये गेल्या काही वर्षांत विजेचं एक युनिट गॅसच्या युनिटपेक्षा साधारण चौपट महाग राहिलं आहे.

त्यामुळे ढोबळ नियम असा पडलाय, की मोठ्या खोल्यांना पाणी आणि छोट्या बाथरूमला वीज.

सगळा खेळ २९ अंशांचा

आता एक महत्त्वाचा मुद्दा, जो शोरूममधला सेल्समन सहसा सांगत नाही.

रेडिएटर हाताला चटका बसेल इतका तापवता येतो, कारण त्याच्यावर कोणी उभं राहत नाही. फरशीचं तसं नाही. युरोपीय मानकांनुसार राहत्या खोलीत फरशीचा पृष्ठभाग २९ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचा नसतो. वर लाकूड असेल तर बहुतेक कंपन्या २७ अंशांवरच थांबायला सांगतात.

म्हणजे फरशी किती उष्णता देऊ शकते, याला छत आहे. खोली २० अंशांवर ठेवायची आणि फरशी २९ अंशांवर, तर एका चौरस मीटरमधून साधारण १०० वॅट उष्णता मिळते. लाकूड असेल आणि २७ अंशांवर थांबायचं असेल, तर हाच आकडा ७५ वॅटपर्यंत खाली येतो.

आता एक हिशोब करू. समजा, पुढची बैठकीची खोली १६ चौरस मीटरची आहे. भिंती जुन्या, खिडकी मोठी. कडाक्याच्या थंडीत या खोलीतून दर क्षणी १,६०० वॅट उष्णता बाहेर निघून जाते. लाकडी फ्लोअरिंग जास्तीत जास्त देणार १६ गुणिले ७५, म्हणजे १,२०० वॅट. उरलेले ४०० वॅट कुठून आणणार?

कुठूनच नाही. थर्मोस्टॅट कितीही वर केला तरी ती खोली हव्या त्या तापमानाला पोचणारच नाही. अशा वेळी दोनच मार्ग उरतात. खिडक्या, भिंती, जमिनीला इन्सुलेशन करून गळती कमी करायची, नाहीतर त्या खोलीत एक रेडिएटर राहू द्यायचा.

उलट मागच्या स्वयंपाकघराचं बघा. क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, गळती १,५०० वॅट. वरवर पाहता सोपं वाटतं, चौरस मीटरला फक्त ६० वॅट. पण ओट्याखाली आणि कपाटांखाली नळ्या घालत नाहीत. ८ चौरस मीटर त्यात गेले, तर उरलेल्या १७ चौरस मीटरमधून प्रत्येकी ८८ वॅट काढावे लागतात. टाइल असेल तर जमेल. लाकूड असेल तर नाही.

म्हणून पहिलं काम टाइल निवडण्याचं नाही. पहिलं काम म्हणजे प्रत्येक खोलीची उष्णता किती गळते, याचा कागदावरचा हिशोब.

घर एक, पण जमिनी तीन कशा?

लंडनच्या हॅरो, वेम्बली अशा भागांत १९३० च्या दशकात बांधलेली जोडघरं रांगेने उभी आहेत. इंग्रजीत त्यांना सेमी-डिटॅच्ड म्हणतात. या भागात भारतीय वंशाच्या लोकांची संख्या मोठी आहे आणि त्यात मराठी कुटुंबंही आहेत. अशा एका नमुना घराची जमीन बघितली तर साधारण असं दिसतं.

पुढच्या खोल्यांत लाकडी जमीन. आपल्या जुन्या वाड्यातला कडीपाट आठवा. कड्यांवर फळ्या ठोकलेल्या. फरक इतकाच की इथे तळमजल्यालाच कडीपाट असतो आणि त्याच्याखाली मातीपर्यंत मोकळी पोकळी असते. ब्रिटनमधले सुतार या कड्यांना जॉइस्ट म्हणतात.

मागचं जुनं स्वयंपाकघर काँक्रीटचं. त्याकाळच्या काँक्रीटखाली इन्सुलेशन नावाचा प्रकार नसायचा.

आणि त्याच्याही मागे, आत्ता नव्याने वाढवलेला भाग. नवं काँक्रीट, नवं इन्सुलेशन.

वर पहिल्या मजल्यावर बाथरूम, तेही लाकडी कड्यांवर. थोडक्यात, एकाच घरात तीन-चार तऱ्हेच्या जमिनी. प्रत्येकीची दुखणी वेगळी आणि औषधही वेगळं.

१. काँक्रीटची जमीन : सगळ्यात सोपी, पण घाई केली तर संपलं

नव्या काँक्रीटवर काम सरळ असतं. आधी ओल रोखणारा प्लॅस्टिकचा पडदा, त्यावर इन्सुलेशनचे जाड बोर्ड, त्यावर नळ्या आणि नळ्या झाकायला सिमेंट-वाळूचा थर. या थराला स्क्रीड म्हणतात. सिमेंटचा स्क्रीड साधारण ६५ मिलिमीटर जाड लागतो. जिप्समवर आधारित पातळ, ओतायचा स्क्रीड ५० मिलिमीटरमध्येही भागतो.

इन्सुलेशन का लागतं? कारण उष्णतेला वर आणि खाली यातलं काही कळत नाही. खाली अडवणारं काही नसेल तर तुमच्या पैशाने आधी जमिनीखालची माती तापते.

जुन्या काँक्रीटची अडचण हीच. खाली इन्सुलेशन नाही आणि वर जागा नाही. मग दोन पर्याय. जुनं काँक्रीट फोडून खाली जायचं, किंवा वरच्या वर १५ ते २२ मिलिमीटर जाडीचे, नळीसाठी खाचा पाडलेले बोर्ड बसवायचे. दुसरा पर्याय स्वस्त आणि झटपट. पण खाली पुरेसं इन्सुलेशन नसेल तर बिल ती कसर भरून काढतं. इंग्लंडमध्ये जमिनीचं मोठं काम काढलं तर तिचं इन्सुलेशन सुधारणं बांधकाम नियमांतही येतं. त्यामुळे काम सुरू करण्याआधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलशी बोलणं गरजेचं असतं.

आता घाईबद्दल. स्क्रीड वरून कोरडा दिसतो, पण आत पाणी असतं. सिमेंटचा स्क्रीड साधारण एका दिवसाला १ मिलिमीटर वाळतो आणि ५० मिलिमीटरच्या पुढचा भाग त्याहून संथ. म्हणजे ६५ मिलिमीटरला जवळपास अडीच महिने.

मग हीटिंग सुरू करून लवकर वाळवलं तर? इथेच लोक फसतात. सिमेंटच्या स्क्रीडमध्ये पहिले २१ दिवस गरम पाणी सोडायचं नसतं. जिप्समच्या स्क्रीडला ७ दिवस. त्यानंतरही आधी ३ दिवस २० ते २५ अंशांचं कोमट पाणी, मग हळूहळू वर. एकदम गरम पाणी सोडलं तर वरचा भाग आधी आकसतो आणि थराला भेगा जातात.

जिप्समच्या स्क्रीडची अजून एक गंमत आहे. त्याच्यावर पांढरी, भुसभुशीत साय येते. ती घासून काढावी लागते. शिवाय नेहमीचा सिमेंटचा टाइल-गम त्याच्यावर थेट लावला तर दोघांमध्ये रासायनिक क्रिया होते आणि काही महिन्यांनी टाइल सुटी होऊन हातात येते. मध्ये प्रायमर लावणं हा त्यावरचा उपाय. २ तासांचं काम वाचवलं आणि अख्खी फरशी गेली, असा हा प्रकार असतो.

२. लाकडी जमीन : इथे सुतार आणि प्लंबर एकत्र बसायला हवेत

पहिला प्रश्न, लाकडी कड्यांवरही स्क्रीड ओतला तर?

६५ मिलिमीटरच्या स्क्रीडचं वजन चौरस मीटरला साधारण १३० किलो. १६ चौरस मीटरच्या खोलीत झालं २,००० किलोच्या वर. म्हणजे बैठकीच्या खोलीत दोन लहान गाड्या कायमच्या उभ्या करण्यासारखं. ९० वर्षं जुन्या कड्यांकडून ही अपेक्षा करता येत नाही.

म्हणून इथे पद्धत बदलते. फळ्या काढायच्या, कड्यांच्या मधल्या जागेत इन्सुलेशनचे बोर्ड बसवायचे, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे टाकायचे आणि पत्र्यांच्या खाचेत नळी दाबायची. पत्रा उष्णता दोन्ही बाजूंना पसरवतो. नाहीतर नळीच्या वर गरम पट्टा आणि मध्ये गार पट्टा, अशी चट्टेरी-पट्टेरी जमीन होते.

आता नळी एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात न्यायची तर कडी ओलांडावी लागणार. प्लंबर काय करतो? करवत घेतो आणि कडीच्या वरच्या अंगाला खाच पाडतो.

ब्रिटनमधला रूढ नियम सांगतो, की खाच कडीच्या उंचीच्या एक-अष्टमांशापेक्षा खोल नसावी. १९३० च्या घरांत तळमजल्याच्या कड्या अनेकदा जेमतेम १०० मिलिमीटर उंच असतात. त्याचा एक-अष्टमांश झाला साडेबारा मिलिमीटर. आणि नळी १६ मिलिमीटरची!

म्हणजे नियमात राहून वरून खाच पाडताच येत नाही. पर्याय म्हणून कडीच्या उंचीच्या मधोमध भोक पाडता येतं. ते उंचीच्या एक-चतुर्थांशापर्यंत, म्हणजे २५ मिलिमीटरपर्यंत चालतं. पण तेही कुठेही नाही. कडीच्या दोन आधारांमधलं अंतर मोजून, ठरलेल्या टप्प्यातच. १० कड्यांना वाट्टेल तशा खाचा पाडल्या तर जमीन गरम होईल, पण चालताना डुलायला लागेल.

दुसरा धोका याहून गुपचूप काम करतो. लाकडी जमिनीखालच्या पोकळीत हवा खेळती राहावी म्हणून बाहेरच्या भिंतीत जाळीच्या विटा असतात. त्यांतून गार वारा येतो, म्हणून काही जण त्या बुजवतात किंवा इन्सुलेशन कोंबून पोकळीच भरून टाकतात. मग मातीतली ओल बाहेर पडत नाही आणि कड्या खालून कुजायला लागतात. वर उबदार लाकूड आणि खाली बुरशी. हे कळेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. त्यामुळे इन्सुलेशन कड्यांच्या मध्ये आणि खालची पोकळी मोकळी, ही विभागणी पाळावीच लागते.

३. बाथरूम : छोटी जागा, विजेचं काम

४ चौरस मीटरच्या बाथरूमसाठी नळ्या ओढणं बऱ्याचदा परवडत नाही. तिथे विजेची जाळी बरी पडते. चौरस मीटरला १५० वॅट धरले तर एकूण ६०० वॅट. दिवसाला २ तास चालवली तर १.२ युनिट. एवढं चालतं. हीच जाळी ४० चौरस मीटरच्या हॉलमध्ये दिवसभर चालवली तर मात्र बिल बघून घाम फुटेल.

इथे तीन गोष्टी सांभाळायच्या. केबल कधीही कापायची नाही, वळवायची असेल तर फक्त जाळी कापायची. जाळीखाली ६ ते १० मिलिमीटरचा इन्सुलेशन बोर्ड टाकायचा, म्हणजे उष्णता खाली न जाता फरशी लवकर तापते. आणि केबलचा रेझिस्टन्स मीटरने तीनदा मोजायचा. पाकिटातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि टाइल बसवल्यावर. आकडा बदलला तर केबल कुठेतरी दुखावली आहे. हे टाइल बसण्याआधी कळलेलं बरं. जोडणी अर्थातच पात्र इलेक्ट्रिशियनकडूनच.

वर काय घालणार, यावर सगळं अवलंबून

उन्हाळ्यात दुपारी शहाबादी फरशीवर लोळलं की गार का वाटतं? फरशी शरीरातली उष्णता पटकन ओढून घेते म्हणून. त्याच खोलीतला लाकडी पाट तितका गार लागत नाही, जरी दोघांचं तापमान सारखंच असलं तरी.

हाच गुण इथे उलट्या दिशेने कामाला येतो. दगड आणि टाइल खालची उष्णता पटकन वर सोडतात. लाकूड ती अडवून धरतं. आणि गालिचा म्हणजे तर फरशीला पांघरलेली गोधडी.

हे मोजायचं एक माप आहे, उष्णतेला होणारा अडथळा. १० मिलिमीटरच्या टाइलचा अडथळा साधारण ०.०१. १५ मिलिमीटरच्या ओकच्या फळीचा साधारण ०.०९. म्हणजे जवळपास ९ पट. वरच्या आच्छादनाचा अडथळा ०.१५ च्या पुढे जाऊ देऊ नये, असं मानक सांगतं. जाड गालिचा आणि त्याखालचा फोम मिळून ही मर्यादा सहज ओलांडतात.

आता लाकडी जमिनीचं बघा. कड्यांच्या मध्ये नळ्या घातल्या आणि वर २२ मिलिमीटरचा चिपबोर्ड ठोकला, तर त्या बोर्डाचाच अडथळा ०.१७ च्या आसपास होतो. वरचं फ्लोअरिंग तर अजून यायचंय! म्हणूनच लाकडी जमिनीत नळीतलं पाणी जास्त गरम ठेवावं लागतं.

कोणतं लाकूड, हाही प्रश्न असतो. अखंड लाकडाची रुंद फळी उष्णतेने सुकते, आकसते आणि फटी पडतात. पातळ थर आडवे-उभे चिकटवून केलेलं इंजिनिअर्ड लाकूड जागेवर टिकून राहतं, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तेच वापरलं जातं. स्क्रीडवर लाकूड बसवण्याआधी ओलाव्याची चाचणी करायची असते. स्क्रीडवर ठेवलेल्या मीटरमध्ये सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के किंवा त्याखाली आली, तरच पुढचं काम.

एका नळाने सगळ्यांची तहान भागत नाही

घरात एका ठिकाणी, बहुतेक जिन्याखालच्या कपाटात, एक पितळी किंवा स्टीलचा आडवा दांडा असतो. त्याला म्हणतात मॅनिफोल्ड. बॉयलरचं पाणी इथे येतं, गार पाण्यात मिसळून हव्या त्या तापमानाला आणलं जातं आणि प्रत्येक खोलीच्या नळीत सोडलं जातं. १६ मिलिमीटरच्या नळीचा एक फेरा साधारण १०० मीटरपर्यंतच ठेवतात. नळ्यांत १५० मिलिमीटर अंतर धरलं तर एका फेऱ्यात जास्तीत जास्त १५ चौरस मीटर भागतात. मोठ्या खोलीला दोन फेरे लागतात.

आता मूळ अडचण. स्क्रीड आणि टाइलला साधारण ३५ ते ४५ अंशांचं पाणी पुरतं. कड्यांमधल्या नळ्यांना ५० ते ५५ अंश लागू शकतं. मॅनिफोल्ड एकच असेल आणि तापमान ४० वर ठेवलं, तर पुढची खोली गार राहते. ५५ वर ठेवलं, तर स्वयंपाकघर भट्टी होतं. ‘एक खोली गरम, एक गार’ या तक्रारीचं मूळ इथे आहे.

यावर तीन उपाय आहेत. लाकडी भागासाठी वेगळा मॅनिफोल्ड आणि वेगळं मिश्रण. लाकडी भागात नळ्या जवळजवळ घालणं आणि वरचा बोर्ड पातळ ठेवणं, म्हणजे कमी तापमानात काम होतं. किंवा त्या खोलीपुरता रेडिएटर राहू देणं. तिसऱ्या उपायात काही कमीपणा नाही. उलट अनेकदा तोच शहाणपणाचा असतो.

तव्याचाही हिशोब आहे. बिडाचा जाड तवा तापायला वेळ घेतो, पण गॅस बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतो. पातळ तवा लगेच तापतो, लगेच निवतो. स्क्रीड म्हणजे बिडाचा तवा. त्याला काही तास आधी सुरू करावं लागतं. लाकडी जमीन म्हणजे पातळ तवा. म्हणून प्रत्येक भागाला स्वतःचा थर्मोस्टॅट आणि स्वतःचं वेळापत्रक हवं. लाकडाखाली तापमान मोजणारा सेन्सरही हवा, म्हणजे २७ अंशांवर पाणी आपोआप बंद होतं.

तडा नेहमी सांध्यातच का जातो?

काँक्रीट आणि लाकूड जिथे भेटतात, तो उंबरठा सगळ्यात नाजूक. लाकडी जमीन चालताना किंचित लवते, हवामानाप्रमाणे फुगते-आकसते. स्क्रीड तापला की वेगळ्या मापाने पसरतो. या दोघांवरून एकच सलग टाइल नेली तर ताण टाइलवर येतो आणि ती बरोबर त्या रेषेवर तडकते.

त्यामुळे सांध्याच्या वर फरशीतही सांधा ठेवायचा, लवचीक भरणाचा किंवा धातूच्या पट्टीचा. सांध्यातून जाणारी नळी मोठ्या नळीच्या तुकड्यातून न्यायची, म्हणजे जमीन हलली तरी नळीला ओरखडा येत नाही. आणि स्क्रीडच्या कडेने, भिंतीलगत फोमची पट्टी लावायची, म्हणजे त्याला पसरायला जागा मिळते.

उंचीचाही घोळ इथेच होतो. एकीकडे इन्सुलेशन, स्क्रीड आणि टाइल, दुसरीकडे कड्या, बोर्ड आणि लाकूड. दोन्हींची बेरीज आधी केली नाही तर दारात २० मिलिमीटरची पायरी तयार होते आणि घरातले आजी-आजोबा तिथेच अडखळतात. जमीन वर आली की दारं खालून कापावी लागतात. शिवाय जिन्याची पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी होते. इंग्लंडच्या नियमांत जिन्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. त्यामुळे ही बेरीज काम संपल्यावर नाही, सुरू होण्याआधी करायची.

फोडण्याआधी थांबा, खाली ॲस्बेस्टॉस असू शकतं

ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली १९९९ मध्ये. त्याआधीच्या घरांत जुन्या प्लॅस्टिकसारख्या फ्लोअर टाइल आणि त्यांच्या खालचा काळा डांबरी गोंद यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. टाइल अखंड असेपर्यंत धोका कमी. पण ती फोडली, घासली, तर तंतू हवेत जातात आणि श्वासावाटे फुप्फुसांत. त्याचे आजार कित्येक दशकांनी दिसतात. ‘शनिवार-रविवारी आपणच उखडून टाकू, मजुरी वाचेल’ हा विचार इथे महागात पडतो. आधी नमुन्याची तपासणी, मग हातोडा.

एवढा खटाटोप, मग फायदा काय?

फायदा आहे, पण तो फरशीपेक्षा पाण्याच्या तापमानात आहे. हीट पंप एका युनिट विजेतून साधारण ३ ते ४ युनिट उष्णता देतो, पण पाणी जितकं कमी गरम करायचं तितका तो जास्त चांगला चालतो. ३५-४० अंशांवर चालणारी फरशी आणि हीट पंप ही जोडी म्हणूनच जमते. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारने ऑक्टोबर २०२३ पासून हीट पंपासाठीचं अनुदान ७,५०० पौंडांपर्यंत नेलं. आणि इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून घराची पाण्यावर चालणारी हीटिंग व्यवस्था पूर्ण नवी करायची असेल तर ती ५५ अंश किंवा त्याहून कमी पाण्यावर चालेल अशीच आखावी लागते.

म्हणजे आज गॅस बॉयलर असला तरी जमिनीखाली घातलेल्या नळ्या पुढची कित्येक वर्षं तिथेच राहणार आहेत. बॉयलर बदलता येतो, पंप बदलता येतो, थर्मोस्टॅट बदलता येतो. जमीन मात्र सारखी सारखी उखडता येत नाही. खालचं इन्सुलेशन आत्ता वाचवलं तर ते नंतर घालायची संधी जवळपास नसतेच.

कंत्राटदाराला विचारायचे ७ प्रश्न

१. प्रत्येक खोलीची उष्णता किती गळते, याचा लेखी हिशोब आहे का?

२. कुठल्या खोलीत किती तापमानाचं पाणी लागेल? वेगवेगळं असेल तर मॅनिफोल्ड किती?

३. दोन्ही प्रकारच्या जमिनींची उंची थरांसह मिलिमीटरमध्ये मांडली आहे का?

४. कड्यांना खाच की भोक? कुठे आणि किती?

५. स्क्रीड ओतण्याआधी नळ्यांची दाब चाचणी होणार का? साधारण ६ बार दाब ठेवून स्क्रीड ओततात, म्हणजे नळी फुटली तर काटा खाली येतो आणि तिथल्या तिथे कळतं.

६. वाळायला किती दिवस धरले आहेत आणि ओलावा कोण मोजणार?

७. सांधे कुठे येणार, हे टाइलवाल्याला सांगितलं आहे का?

आणि एक काम घरातल्यांनी स्वतः करायचं. नळ्या झाकण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढायचे, भिंतीपासून टेप धरून. पुढे कधी दाराचा स्टॉपर बसवायला कोणी ड्रिल मशीन घेऊन आलं, की हेच फोटो उपयोगी पडतात. नाहीतर जमिनीतून कारंजं उडतं, आणि त्या कारंज्याचं पाणी गरम असतं.